चार सऱ्या

पौषातला गारठा होता. आमचं घर जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत. ऊस मात्र खाली कुशिऱ्याच्या बाजूला. सकाळी वाटेकऱ्याचा फोन आला, "वैनी, फडात बिबट्याची पिल्लं घावल्यात. टोळीनं कोयतं खाली ठेवल्यात."

मी उतरून गेले. बीडकडची टोळी बांधावर गोळा झाली होती. पाचट ओढताना एका बाईला सरीत तीन पिल्लं दिसली, तिनं ती पाटीत घालून बांधावर आणून ठेवली होती. अंगावर फिकट पट्टे, डोळे नुकते उघडलेले, एकेक जेमतेम ओंजळभर. बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात, आणि ते जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. ही बाऊल, म्हणजे रानमांजराची पिल्लं होती. त्यांचे पट्टे मोठेपणी विरून जातात. उसात आडोसा असतो, उंदीर भरपूर असतात, म्हणून ही मादी फडात विते. आपला ऊस कुरतडणाऱ्या उंदरांवरच ती जगते, हे टोळीला सांगितलं तेव्हा कोयते पुन्हा चालू झाले.

पिल्लं मी पाटीसकट पदराखाली घेऊन वर घरी आणली. तिथंच चुकले.

तिघांतलं एक फार गार पडलं होतं. तेच जास्त उपाशी असणार, असं वाटून मी त्याला आधी घेतलं. गाईचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवून तोंडात पिळली. दूध नाकातून बाहेर आलं. तासाभरात ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं.

सासूबाई देवदर्शन करून आल्या. पाटीत हात घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, गारठलेल्याला दूध पाजत्यात व्हय? आदी ऊब दे, मग प्वाट." घरातली कितीतरी बाळंतपणं त्यांनी शेक-शेगडीवर काढलेली. त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाटीच्या एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मोकळी. "जास्त ऊन लागलं तर सरकाय जागा पायजे," म्हणाल्या.

मला कात्रज आठवलं. शाळेची सहल डिसेंबरात पुण्याला नेली होती, तेव्हा राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. १९९९ साली सुरू झालेल्या त्या उद्यानाला सर्पोद्यान आणि वन्यप्राण्यांचं अनाथालयही जोडलेलं आहे. सापांच्या खोल्यांत दिवे लावलेले पाहून मुलांनी कारण विचारलं. तिथला माणूस म्हणाला, थंडीत आम्ही सापांना खाणं कमी देतो. अंगात ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पचत नाही, पोटातच सडतो. मी ते मुलांना वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. वाघ-सिंहांच्या रात्रीच्या खोल्यांत हीटर लावतात, जमिनीवर निजणाऱ्यांना कोरडं गवत घालतात, वाऱ्याच्या बाजूला पोती बांधतात, हेही लिहून घेतलं होतं. आणि माझ्याच ओट्यावर ते मला सुचलं नाही.

मांजरकुळातल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या अंगची ऊब नीट राखता येत नाही. ते गार पडलं की आतडं मंदावतं, गिळण्याची ताकद जाते आणि दूध फुप्फुसात उतरतं. गाईचं दूध तसंही त्यांना सोसत नाही, हगवण लागते. फोनवर पशुवैद्यांनी आणखी एक सांगितलं: इतकी लहान पिल्लं आपण होऊन मुततही नाहीत, आई चाटते तेव्हाच होतं. म्हणून ओल्या कापसानं हलकेच पुसायचं. आईच्या जिभेचं काम कापसानं करताना माझे हात थरथरत होते.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दुपारी वनरक्षक आले. पिल्लं आता प्राणिसंग्रहालयात जातील, असंच मी धरून चालले होते. त्यांनी मान हलवली. "बाई, ही अनाथ नाहीत. आई जवळपास असेल. आपण उचलली म्हणून ती अनाथ झाली."

जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात तेव्हाही हेच करतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तरी तिथली माणसं आधी पिल्लं सापडल्या जागीच ठेवतात आणि मादीची वाट पाहतात. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही, माणसाला भीत नाही. मग त्याला रानात सोडता येत नाही, जन्म पिंजऱ्यात जातो. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे आलेली पिल्लं वेगळी होती. त्यांच्या आया शिकारीत मेलेल्या. तिथं माणसाचा हात हाच आधार होता. आमच्या बाऊलीची आई जिवंत होती.

मुकादमानं त्या जागेभोवतीच्या चार सऱ्या न तोडता राखल्या. टनावर पोट असलेल्या माणसानं हे एका शब्दावर कबूल केलं, हे मला नोंदवायलाच हवं. तिन्हीसांजेला टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट घातलं, तळाशी उबदार बाटली, वर दोन पिल्लं. वनरक्षकांनी कॅमेरा बांधला आणि आम्ही लांब ट्रॅक्टरपाशी जाऊन बसलो. कुणी बिडी पेटवली नाही. पन्हाळ्याकडून वारा येत होता, वर देवळाचे दिवे दिसत होते. पिल्लांचा चिरका आवाज मधूनमधून यायचा, मग थांबायचा. थांबला की माझा जीव खाली-वर व्हायचा.

मध्यरात्रीनंतर आम्ही उठून गेलो. सकाळी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात मादी दोनदा आली होती. पहिलं मानगुटीला धरून नेलं, तासाभरानं दुसरं. त्यानंतर ती तिसऱ्यांदा आली होती. क्रेटमध्ये तोंड घालून बराच वेळ हुंगत राहिली, पाचट पायानं उकरलं, आणि गेली.

तिसरं पिल्लू मी आमच्या परड्यात पुरलं होतं.

तुमच्या फडात अशी पिल्लं दिसली तर त्यांना उचलू नका, दूध पाजू नका. तेवढ्या चार सऱ्या राखा, माणसं लांब न्या आणि १९२६ ला फोन करा.