लेखणी उचलण्यापूर्वी



सुरत म्हटली की आपणांस १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. पण या बंदराच्या इतिहासात यहुदी व्यापाऱ्यांचेही एक पान आहे. अठराव्या शतकात बगदाद, बसरा, आलेप्पो अशा नगरांतून काही यहुदी येथे येऊन राहिले. त्यांपैकी आलेप्पोचे शालोम कोहेन १७९८ साली कलकत्त्यास गेले व तेथील यहुदी समाजाचे आद्यपुरुष ठरले. पुढे व्यापार मुंबईकडे वळला आणि सुरतेची ही वस्ती विरत गेली.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेत आहे. सुरतेस जाऊन त्याने याच विषयावर लेख लिहिला व आम्हांस दाखविला. भाषा ओघवती होती. परंतु या व्यापाऱ्यांना त्याने कोकणातले ‘शनिवार तेली’ ठरविले होते, आणि अखेरीस इस्राएलच्या युद्धांचा जाब भारतातील यहुद्यांस विचारला होता.

आम्ही त्यास म्हणालो, “बाळा, शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल. ते कोकणात शतकानुशतके तेल गाळीत आले व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून हे नाव. मराठी ही त्यांची मायबोली. त्यांच्यातील सामुएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत सभास्थान उभारले; हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास स्वतः लिहिला. बगदादी निराळे, कोचीनचे निराळे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांना आधी भेटावे, विचारावे. आणि परराष्ट्राच्या कारभाराचा हिशेब पनवेलच्या कुटुंबाकडे का मागावा? रोमची काही बातमी छापून आली म्हणजे लोक आपल्यालाच जाब विचारतात, तेव्हा आपणांस कसे वाटते?”

तो क्षणभर थांबला. मग नम्रपणे म्हणाला, “फादर, गेल्या उत्तम शुक्रवारी आपण प्रवचनात म्हणालात की यहुद्यांनी प्रभूला मारले. ते बरोबर होते का?”

आम्ही निरुत्तर झालो. १९५९ साली परमगुरू तेविसावे जॉन यांनी उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांना हिणविणारा शब्द काढून टाकला. १९६५ साली व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट शिकविले की, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच. सेमिनरीत आम्ही हे सारे शिकलो होतो. तरीही जुन्या सवयीने जिभेवर तेच आले.

त्या तरुणाने लेख नव्याने लिहिला; आम्ही प्रवचन नव्याने लिहिले. पुढच्या रविवारी वेदीपासून आम्ही आपली चूक कबूलही केली.

वाचकहो, बातमीदाराची पहिली शाळा घर, आणि दुसरी देऊळ. मुले तेथे जे ऐकतात, तेच पुढे छापतात. प्रभू येशू, पवित्र मरिया आणि बाराही प्रेषित यहुदी होते, एवढे जरी आपण मुलांना सांगितले, तरी त्यांची लेखणी सांभाळून चालेल.