जुनेर

बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागायचं ते जुनेरच, ही रीत आमच्या घरात कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. नवी झबली-टोपडी बारशाला. तोवर आजोबांचं विरलेलं धोतर, नाहीतर धुऊन धुऊन रंग उडालेलं आजीचं नऊवारी. घरात कुणाचे दिवस भरत आले की आजी ट्रंकेतून ही कापडं काढून उन्हात टाकायची आणि दुपारची जेवणं आटोपली की ओसरीवर लंगोट फाडायला बसायची. कात्री फक्त पहिल्या चिरेपुरती. पुढे दोन्ही हातांनी ओढलं की सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटत जातं. काठ ती आधीच काढून ठेवी, कारण काठाची जाड वीण मांडीला काचते. कडा दुमडून शिवतही नसे, शिवणही काचतेच. नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड असतं, पण बसून-घासून विरलेला भाग वगळला की दुहेरी लंगोट जेमतेम डझनभर निघतात. म्हणून एका बाळंतपणाला दोन-तीन जुनेरं लागत आणि ती मावशी-आत्यांकडूनही येत.

या रीतीच्या पोटात पक्कं कारण आहे. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो आणि विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते. कोरं मांजरपाट घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो बराच वेळ गोळा होऊन वरच राहतो. तेच वीस वर्षं धुतलेल्या धोतरावर टाका, टेकतो न टेकतो तोच आत जिरतो. मेण आणि खळ दोन्ही जातात ती धुण्यानं. दुकानातून नवे सुती लंगोट आणणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, की बाळ यायच्या आधी ते चार-सहा वेळा गरम पाण्यातून काढा, उन्हात वाळवा, मगच घडी घालून ठेवा. आणि कपडे मऊ, सुगंधी करणारी जी औषधं शेवटच्या पाण्यात घालतात ती यांना लावू नका. त्यांचा थर कापडावर बसला की कापड पाणी धरायचं सोडतं.

म्हणजे चांगला लंगोट घडतो तो धुण्यानं. आणि धुण्याचा विषय निघाला की मला माझ्या धाकट्या भावाचा जन्म आठवतो.

तो श्रावणात झाला, आजोळी, वाईला. घर माणसांनी भरलेलं. न्हाऊ घालायला एक बाई यायची, तिचा मोठा मान. पाय लांब करून ती बाळाला पायांवर घ्यायची तेव्हा आम्ही मुलं भोवती कोंडाळं करायचो. आणखी एक बाई यायची, ती मागच्या दारानं. सोयराच्या दिवसांत बाळंतिणीच्या कपड्यांना घरातल्या कुणी हात लावायचा नाही, म्हणून ते काम तिचं. परसातल्या दगडावर ती लंगोट, दुपटी, आईची पातळं धुवायची. पावसाची झड लागलेली असायची आणि ती डोक्यावर पोतं घेऊन बसलेली. तिच्या चहाचा कप परसातल्या कोनाड्यात वेगळा असे, तो तिनंच विसळून ठेवायचा. बारशाला न्हाऊ घालणारीला लुगडं-चोळी मिळाली. धुणारीला पायलीभर ज्वारी. आमच्या घरात त्या बाळंतपणाच्या आठवणी अजून निघतात. डिंकाचे लाडू कुणी वळले, कुंची कुणी शिवली, सगळ्यांची नावं येतात. तिचं येत नाही, आणि विचारावं तर सांगणारं कुणी उरलेलं नाही.

धुतलेलं वाळवायचं काम मात्र घरातल्यांचं होतं. शेगडीवर बांबूची डालगी उपडी घालायची, तिच्यावर लंगोट पसरायचे, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. खोलीभर तो वास असायचा.

माझी लेक झाली तेव्हा आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो. परस नाही, दगड नाही, मोरी आणि बादली. सव्वा महिना आई होती, तिनं मला एकाही कपड्याला हात लावू दिला नाही. ती गेली आणि बादली माझ्याकडे आली. पहाटे पाणी यायचं तेवढ्यात सगळं उरकायचं. आधी शी झाडून, गार पाण्यात भिजवून ठेवायचं. एकदम कढत पाणी घातलं तर डाग बसतो. मग साबण, मग साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळून काढायचं, कारण उरलेला साबणही बाळाच्या कातडीला लागतो. एवढं करूनही अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग राहतोच. तो मी ओल्या कापडावर तसाच ठेवून गच्चीवर उन्हात टाकायची आणि संध्याकाळी कापड काढायला जावं तर डाग नाही.

त्या डागाचं रहस्य मला पुढे एका बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीनं उलगडून सांगितलं. तो पिवळा रंग बिलिरुबिनचा. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू त्याचं रूपांतर करतात म्हणून आपल्या शीचा रंग वेगळा. तान्ह्याच्या पोटात ते जंतू अजून पुरते आलेले नसतात. आणि बिलिरुबिन प्रकाशात मोडतं. तान्ह्या बाळाची कावीळ निळ्या दिव्याखाली ठेवून उतरवतात ती याच गुणावर. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर तान्ह्या बाळांना उन्हात नेत. एका बाळाच्या उघड्या अंगाचा पिवळेपणा गेला आणि कापडाखाली झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातूनच पुढे रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रकाशोपचारावरचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. परसात आणि गच्चीवर लंगोट वाळत घालणाऱ्या बायकांच्या डोळ्यांसमोर हे रोज घडत होतं.

लंगोटानं मला आणखी एक आधार दिला. लेक पहिल्या आठवड्यात थोडी उतरली आणि येणारं-जाणारं प्रत्येक माणूस सांगू लागलं, तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. मी रडकुंडीला आले होते. डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, दिवसातून लंगोट किती वेळा ओला होतो? घमेल्यात मोजायची सोय होतीच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा स्वच्छ लघवी होत असेल तर दूध पुरतंय असं समजावं, आणि जन्मानंतर थोडं घटलेलं वजन दोनेक आठवड्यांत भरून येतं, असं त्यांनी समजावलं. वरचं दूध द्यावं लागलं नाही. कापड ओलं झालं की लगेच कळतं, बाळ कुरकुरतं, आपण उठतो; या सगळ्यात बाळाकडे सारखं लक्ष राहतं. नव्या आईला ही खूण फार मोलाची आहे.

यंत्रावर तयार होणाऱ्या डायपरबद्दल मी अढी बाळगत नाही. त्याच्या मुळाशीही धुणंच आहे. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन ही आई ओल्या चादरी धुऊन धुऊन इतकी कावली, की तिनं न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरून घालायचं न पाझरणारं आवरण शिवलं. १९५१ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. व्हिक्टर मिल्स हे प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले अभियंता आजोबा. नातवंडाचे लंगोट बदलण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून वापरून टाकायचं काही करता येईल का याच्या मागे ते लागले आणि १९६१ साली पॅम्पर्स आलं. १९८०च्या दशकात त्यात पाणी शोषून फुगणारी जेलची भुकटी आली आणि बाळ रात्रभर कोरडं राहू लागलं. घरी मदतीला कुणी नसलेल्या, सिझेरियनचे टाके ओले असलेल्या बाईला याचा किती आधार होतो, ते मी पाहिलं आहे.

पण तो वापरलेला डायपर पुढे जातो कुठे, हे मला नात झाल्यावर दिसलं. लेकीकडे पहिल्या दिवसांत डायपरच होते. दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली पुण्यात उभी राहिली, तिच्यातूनच ही संस्था निघाली. ओला-सुका कचरा हातानं वेगळा करताना उघडे डायपर कसे हाताला येतात, ते त्या ताईंनी लेकीला एकदा शांतपणे सांगितलं. असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, हे ‘स्वच्छ’ कितीतरी वर्षं सांगते आहे. २०१३ साली या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून निषेध नोंदवला होता. पुढे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत असे पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देणं बंधनकारक झालं आणि त्यासाठीचं वेष्टण कंपन्यांनी पुरवावं असंही आलं. तरीही उघडे डायपर येतात. मला वाईचं परस आठवलं. पोतं पांघरून दगडावर बसलेली ती बाई आणि दारातल्या या ताई. घाण आपल्या घरातली, हात दुसरीचे, हे पन्नास वर्षांत बदललेलं नाही.

लेकीनं लंगोट सुरू केले ते या बोलण्यानंतर. माझी जुनी सुती पातळं मी फाडून दिली, बाहेर जाताना घालायला तिनं बटणांचे कापडी डायपर आणले. रात्री आणि प्रवासात अजून विकतचा डायपर असतो, असू दे. जावईबापूंना मी चौकोनाचा त्रिकोण करायला शिकवलं. नाळ पडेपर्यंत वरची कड नाळेच्या खाली दुमडायची, तिला ओल लागू द्यायची नाही. आणि दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळायचे नाहीत. बाळाचे पाय गुडघ्यात दुमडून बाजूला पडलेले असावेत, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. आमच्या आज्या घट्ट बांधायच्या, ते सोडून द्यायला हवं. धुणं आता यंत्रात होतं आणि ते लावणं, वाळत घालणं, घड्या करणं हे काम पहिल्यापासून जावईबापूंकडे आहे.

कापड वापरलं की आपोआप निसर्गाचं भलं होतं, असंही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ साली हिशेब मांडला. अडीच वर्षांत विकतच्या डायपरमागे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, आणि कापडी लंगोटांमागे सुमारे ५७०. पण यंत्र पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा चाळीस टक्क्यांनी खाली आला. दोरी आणि ऊन तर आपल्याकडे आहेच, आणि एका बाळाचं दुपटं दुसऱ्याला देण्याची सवयही आहे.

तुमच्या घरी बाळ येणार असेल तर आत्तापासून जुनी सुती पातळं, पंचे, धोतरं बाजूला काढा. दोन-तीन डझन लंगोट होऊ द्या. पावसाळ्यात बाळ येणार असेल तर आणखी डझनभर. विकतचा डायपर वापरलात तर तो कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून वेगळाच द्या. आणि लंगोट धुणार कोण, हे बाळाच्या बाबांना समोर बसवून आधी ठरवा.