लाळेंतील खडा

देहांत खडा होतो म्हटलें कीं आपणांस मूत्रपिंड किंवा पित्ताशय आठवतें. मुखांतही खडा होतो हें पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. आम्हांस तें आमच्या आत्याबाईंच्या दुखण्यानें कळलें.

आत्याबाई सेलूच्या. परभणीकडील वैशाखाचें ऊन, त्यांत एकभुक्त राहण्याची व पाणी बेतानेंच पिण्याची त्यांची जुनी संवय. लिंबाची फोड जिभेला लागली कीं उजव्या जबड्याखालीं सुपारीएवढी गांठ उठावी आणि तास-दोन तासांनीं ओसरावी. कोणी गालगुंड म्हटलें, कोणी दाढेचें दुखणें म्हटलें. लेप झाले, दाढही काढून झाली. पुढें पुढें त्या अर्ध्या जेवणावरूनच उठूं लागल्या. “अन्नच वैरी झालें रे,” असें त्या म्हणाल्या, तेव्हां मात्र घरांतलीं सर्व माणसें हबकलीं.

अखेर छत्रपती संभाजीनगरास एका डॉक्टरांनीं जेवणाशीं असलेला हा संबंध ऐकूनच अर्धें निदान केलें. उरलेलें बोटानें चांचपून व सोनोग्राफीनें झालें. लाळेच्या मोठ्या पिंडांच्या तीन जोड्या असतात: कानापुढें, जबड्याखालीं व जिभेखालीं. जबड्याखालच्या पिंडाची लाळ दाट आणि नलिका लांब व वर चढणारी. म्हणून सुमारें ८० टक्के खडे तेथेंच होतात. घास पाहतांच लाळ सुटते, वाट मात्र अडलेली. मग पिंड फुगतो. गालगुंडांत ताप येतो व सूज कित्येक दिवस राहते. जेवणाबरोबर ती येतजात नाहीं.

पूर्वीं बहुधा मानेवर छेद घेऊन सबंध पिंडच काढीत, आणि त्यांत खालच्या ओठाचा मज्जातंतु दुखावण्याचें भय असे. १९९० च्या सुमारास पॅरिसच्या फिलिप काट्झ यांनीं लाळेच्या नलिकेंतच सूक्ष्म दुर्बीण घातली. जिनीव्हाच्या फ्रान्सिस मार्शाल प्रभृतींनीं ती विद्या वाढविली. ही दुर्बीण जाडीनें एक ते दीड मिलिमीटर. नलिकेचें तोंड हळूहळू रुंदावून, मिठाच्या पाण्यानें वाट फुलवीत ती आंत नेतात. लहान खडा तारेच्या जाळींत धरून बाहेर काढतात, मोठा फोडावा लागतो किंवा मुखाच्या आंतूनच छेद घ्यावा लागतो. नलिका आकसली असल्यास तीही रुंदावतां येते. पू झाला असेल तर मात्र आधीं तो शमवावा लागतो.

आत्याबाईंचा खडा ३ मिलिमीटरचा निघाला. पिंड राहिला, मानेवर व्रणही नाहीं.

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. जेवतांना येणारी सूज अंगावर काढूं नये. न दुखणारी व न ओसरणारी गांठ तर त्याहून लवकर दाखवावी. आपल्या घरांतील वडील बायका दुखणें सांगत नाहींत, मुकाट्यानें जेवण कमी करितात. त्यांच्या पानांत काय उरतें, इकडे घरच्यांनींच लक्ष ठेविलें पाहिजे.