निवडायची मेथी

आई बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरच्या बाजारातून मेथीच्या चार जुड्या घेऊन आली, की आमच्या वठारात कुणाला सांगावं लागायचं नाही. वठार म्हणजे आपल्या चाळीची कन्नड बहीण. मधे अंगण, एक नळ आणि भोवतीनं दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं. त्यातली तीन मराठी. पिशवीतून डोकावणारे हिरवे शेंडे दिसले, की पलीकडच्या दोघी काकू आपापली सुपं घेऊन ओट्यावर यायच्या.

आमचे सगळ्यांचे बाप सरकारी कारखान्यांतले. कुणी एचएमटी, कुणी बीईएल, कुणी आयटीआय. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली इथं विमानांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपली माणसं या गावात आहेत, असं बाबा छाती फुगवून सांगायचे. कुणी आणखी मागं जायचं, थेट शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत. आयांना या इतिहासाचं कौतुक बेताचंच. त्या लग्न होऊन, मिरजेला गाडी बदलून, मीटरगेजच्या डब्यात पत्र्याची ट्रंक सांभाळत आल्या होत्या. त्या ट्रंकेत गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, भाजणी. ते संपत आलं की घरात कुरकुर सुरू व्हायची. मेथी-बटाट्याला मात्र ट्रंकेतलं काहीच लागत नसे. बटाटे हासन-कोलारकडचे, मेथी जवळपासच्या मळ्यांतली. इथं तिचं नाव मेंत्य सोप्पु, आणि जुडीला म्हणायचं कट्टु. आईला कन्नडमधले पहिले शब्द आले ते भाजीवालीकडून, आणि त्यातही घासाघीस करण्याचे.

भाजी शिजते पंधरा-वीस मिनिटांत, निवडायला तास जातो. खाली ‘प्रजावाणी’चा कागद पसरलेला. जुडीची दोरी सोडायची, मुळं एका बाजूला, पिवळी पानं दुसऱ्या बाजूला, कोवळा देठ अंगठ्याच्या नखानं मोडून पाहायचा. कट्‌ असा आवाज आला तर भाजीत, वाकला तर टाकायचा. आम्ही पोरं कागदावरची अक्षरं लावत बसायचो. मला ‘म’ आणि ‘व’ यांतला कन्नड फरक मेथीच्या मातीखालीच कळला. आया बोलायच्या. एरवी दिवसभर नळावर, दुकानात, बसमध्ये मोडकं कन्नड बोलून त्यांची जीभ अवघडलेली असायची, ती इथं सुटायची. नणंदा, माहेरची पत्रं, कुणाचं अडलेलं लग्न. गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ आमच्यासाठी गणपतीतलं. हे ओट्यावरचं मंडळ आठवड्यातून दोनदा भरायचं आणि वर्गणी नव्हती. पुरुषांना वाटायचं, बायका भाजी निवडतायत.

वठारातच एक अज्जी होत्या, मूळच्या म्हैसूरकडच्या. त्या लांबून बघायच्या आणि दर वेळी तेच सांगायच्या, “स्वल्प बेल्ल हाकि.” थोडा गूळ घाला. मेथीत गूळ! आई हसून मान हलवायची आणि आत येऊन म्हणायची, “मेथी कडू नको तर मग खायची कशाला?” आमच्याकडची भाजी लसणाची. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, बस्स. अज्जींच्या पल्यात, म्हणजे भाजीत, लसूण नाही. फोडणीत उडदाची डाळ, वर ओलं खोबरं. दोन्ही घरं पाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्र चावणारी, पण मेथीवरून मात्र समझोता नाही. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं, की जवळचा काडु मल्लेश्वर हा कडू मल्लेश्वर आहे आणि देवालाही आईचीच बाजू पटलेली आहे. काडु म्हणजे रान, हे पुढं शाळेत कळलं. ते देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं म्हणतात, म्हणजे देवाचा थोडा कल आमच्याकडं असायला हरकत नव्हती.

१९८०च्या डिसेंबरअखेर बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यांत संप झाला. ७७ दिवस चालला. पगार बंद. थंडीचे दिवस, मेथी स्वस्त, म्हणून दिवसाआड तीच. त्या दिवसांत आईनं बटाट्याच्या फोडी बारीक करायला सुरुवात केली, फोडी जास्त दिसाव्यात म्हणून. आम्हाला ते कळत होतं, पण कुणी बोललं नाही. बाबाही निवडायला बसू लागले. कोवळा देठ कुठला हे त्यांना एकदाही धड कळलं नाही. काकू त्यांचं सूप हळूच पुन्हा तपासायच्या. मग रॉकेल वाचावं म्हणून तिन्ही घरांची भाजी एकत्र करायचं ठरलं. एवढी मोठी लोखंडी कढई एकट्या अज्जींकडं. कढई त्यांची, चूलही त्यांची, तेव्हा गूळ पडणारच होता. पहिल्या दिवशी आईनं घास घेतला, थांबली, आणि काही न बोलता दुसरी पोळी घेतली.

मार्चमध्ये कारखाने सुरू झाले, चुली पुन्हा वेगळ्या झाल्या. गूळ तेवढा आमच्या घरात राहिला. बोराएवढा खडा, शेवटी. लसूण काढायला मात्र आई कधीच तयार झाली नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं. लसूण नसलेली मेथी मला अजून उपासाची वाटते.

वठाराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. त्या तीन बिऱ्हाडांतली पोरं आम्ही पुणं, ह्यूस्टन, व्हाइटफील्ड अशी पांगलो. निवडून, धुऊन, पाकिटात भरलेली मेथी आता मोबाइलवरून अर्ध्या तासात दारात येते. मी ती दोनदा आणली. भाजीत खोट नव्हती. फक्त संध्याकाळी पाच ते सहा काय करायचं ते कळेना, म्हणून पुन्हा जुडीवर आले. कागद पसरून बसले की पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावते. तीही बहुतेक काहीतरी निवडतच असते.

कुणी करणार असेल तर एवढंच सांगते. मेथी तीन पाण्यांतून काढा, परातीच्या तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. मीठ लावून पिळू नका. कडूपणाबरोबर चवही जाते. फोडणीवर आधी बटाटे, त्यांवर ताटली, ताटलीत पाणी, म्हणजे फोडी वाफेवर शिजतात आणि कढईत पाणी घालावं लागत नाही. ही ताटली आईची. बटाटा बोटानं मोडला की ती उचलायची, मेथी घालायची, आणि पुन्हा ठेवायची नाही. झाकलं की पाल्यातलं आम्ल वाफेबरोबर जात नाही, हिरवा रंग मरतो आणि भाजी काळपट होते. आईला हे कारण माहीत नव्हतं. मी ताटली पुन्हा ठेवायला गेले की ती हातावर चापट मारायची.