केडगाव ते किल्लारी: एकाच काळ्या दगडावरून

पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि खुटबाव मागे पडलं की केडगाव येतं. बेटावरच्या नारायण महाराजांच्या दत्तमंदिराला जाणारे भाविक इथेच उतरतात. स्टेशनबाहेर कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो उभे असतात आणि हंगामात आसपासच्या गुऱ्हाळांतून उकळत्या काहिलीचा वास येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याहून दिक्सळपर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू केला आणि हा टापू मोठ्या शहरांशी जोडला गेला.

मला मात्र आधी पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन पाहायचं होतं. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर आणलं. १९०० च्या दुष्काळानंतर इथे दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम केलं, छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद केला, त्याची जुळणी आणि छपाई इथल्याच बायकांच्या हातची. दुष्काळाने ज्यांचं सगळं नेलं त्यांनीच एक संस्था उभी केली आणि शंभर वर्षं उलटून गेल्यावरही ती चालू आहे. आपत्तीतून कायमची व्यवस्था कशी निर्माण होते, हे या आवारात फिरताना कळतं.

तिथून गावठाणाकडे निघालो. एका पडक्या वाड्याची भिंत मधोमध फुटली होती, त्यामुळे तिचं पोट दिसत होतं. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये दगडगोटे नि पांढरीची माती. दोन थरांना बांधून ठेवणारा एकही लांब, आरपार दगड नाही. रुंदी पाहिली तर भिंत तोफेलाही दाद देणार नाही असं वाटावं. पण आडवा हिसका बसला की असे थर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेर कोसळतात. अशाच भिंतींनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात माणसं गाडली. केडगाव आणि त्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं किल्लारी एकाच काळ्या कातळावर वसली आहेत. म्हणून इथूनच किल्लारीला जायचं ठरवलं.

दौंडला गाडी बदलली. भिगवणपाशी उजनी धरणाचं पाणी दिसलं आणि भीमा ओलांडल्यावर पुढे सोलापूरपर्यंत सपाट रान. सोलापूरहून एसटीने नळदुर्ग, मग उमरगा, आणि तिथून उत्तरेला वळून किल्लारी पाटी. वाटेत कुठे उंच डोंगर नाही. तूर, सोयाबीन, मधूनच ऊस, नांगरलेली काळी जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार तयार झालं. हिमालयासारखी घडामोड इथे होत नाही, दख्खन म्हणजे घट्ट, थंड, निवांत भूमी, अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरलं तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. पण कोयनेला धरण होतं, त्यामुळे दोष जलाशयाकडे गेला. बाकीचं पठार सुरक्षितच मानलं गेलं. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

जुनं किल्लारी आता बाभळी आणि दगडांच्या ढिगांचं रान आहे. नीलकंठेश्वराचं प्राचीन मंदिर तेवढं गावाची खूण सांगतं. एका ढिगाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, आधी काही कळलं नव्हतं का?"

"कळलं नव्हतं कसं? वर्षभर जमीन गुरगुरत व्हती," ते म्हणाले. "लोकं बाहेर झोपायची. मग थांबलं, आन् आम्ही घरात गेलो."

त्यांचं म्हणणं नोंदींशी जुळतं. १९९२ च्या उत्तरार्धापासून इथे धक्के बसत होते, आणि त्या ऑक्टोबरातल्या एका धक्क्याने भिंतींना तडे गेले होते. पुढे धक्के विरले. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी रिश्टर मापावर ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. जगाच्या मानाने तो मध्यम होता, पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं आणि माणसं माळवदाखाली झोपलेली होती. तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचे थर, आणि पाणी गळू नये म्हणून दरवर्षी वर टाकलेली नवी माती. उन्हाळ्यात थंडावा देणारं हे छप्परच अंगावर आलं. बावन्न गावं भुईसपाट झाली आणि सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बिगरसरकारी अंदाज याहून मोठे आहेत.

भूकंपाने देशाचं नशीब पालटल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पोर्तुगालचं. तिथेही सणाचाच दिवस होता. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या दिवशी सकाळी, लिस्बनची चर्च भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्र चालून आला आणि आग कित्येक दिवस जळत राहिली. चिमाजी अप्पांनी वसई जिंकून पोर्तुगीजांना उत्तर कोकणातून हुसकावलं त्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. त्यानंतर राजधानीच कोसळल्याने गोव्यावर राज्य करणारी ही सत्ता आणखी खचली. पण पाँबाल नावाच्या मंत्र्याने दोन गोष्टी केल्या. धक्का किती वेळ टिकला, किती घरं पडली, समुद्र चढला का, अशी प्रश्नावली त्याने प्रत्येक चर्चविभागाला धाडली. आणि नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालायला लावला. देवाचा कोप मानून गप्प बसण्याऐवजी एका राज्याने भूकंपाला प्रश्न विचारले.

किल्लारीनंतर आपणही प्रश्न विचारले. शास्त्रज्ञांनी इथे ६१७ मीटर खोल विवर खणलं. वरचे ३३८ मीटर काळा दगड, मग गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली मूळ खडक लागला. लाव्हाच्या चादरीखाली काय दडलंय, याचा शोध इथून सुरू झाला आणि पुढे कोयनेजवळ तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोचला. २००२ च्या नकाशातून पहिला विभाग काढून टाकला गेला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात आलं. 'इथे धोका नाही' असा विभागच त्यानंतर भारताच्या नकाशावर उरला नाही.

राज्यकारभारही बदलला. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम निघाला. घरांबरोबरच त्यात जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती आराखडे आणि मंत्रालयाशी जोडलेले नियंत्रण कक्ष आले. तोवर आपत्ती म्हणजे मदतवाटप एवढाच सरकारी अर्थ होता. आता तयारीही कामात धरली गेली. किल्लारीच्या भूकंपावेळी मुख्यमंत्री असलेल्या शरद पवारांना २००१ च्या भूज भूकंपानंतर, ते विरोधी पक्षात असूनही, वाजपेयी सरकारने राष्ट्रीय आपत्ती समितीचं उपाध्यक्षपद दिलं. २००४ ची त्सुनामी आली आणि २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्या कायद्याच्या पायात किल्लारीचे दगड आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बदल बायकांनी केला. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, पण इतरत्र तडे गेलेली जवळजवळ दोन लाख घरं मालकांनी स्वतः दुरुस्त करायची होती. गावोगाव हे समजावणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या गवंड्यासमोर उभ्या राहून विचारू लागल्या: आरपार दगड बसवला का, जोत्याला नि लिंटलला काँक्रीटचा पट्टा घातला का, छपराची माती कमी केली का? भूजनंतर यांच्यातल्याच काही जणी गुजरातमधल्या बायकांना हे शिकवायला गेल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांची ही थेट वारसदारी आहे.

नवं किल्लारी पाहिलं तेव्हा उणिवाही दिसल्या. शहराच्या वसाहतीसारखे सरळ रस्ते, एका साच्यातली घरं, मधे भरपूर अंतर. गल्ली, पार, भावकीचा शेजार गेला. बऱ्याच घरांना बैलांसाठी, कडब्यासाठी जागाच ठेवली नव्हती, म्हणून लोकांनी बाजूला पत्रे ठोकले. शेतं जुन्या गावाकडे राहिली. भक्कम घर दिलं की गाव मिळतं, हा हिशेब चुकला. जिथे माणसांना विचारून काम झालं तिथे ते टिकलं, हा किल्लारीचा दुसरा धडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

दुष्काळाने केडगावला मुक्ती मिशन दिलं, भूकंपाने देशाला कायदा दिला, असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. आपत्ती काही देत नाही, ती फक्त नेते. मिळतं ते माणसांनी मागून, शिकून, भांडून मिळवलेलं असतं, आणि मागणं थांबलं की तेही हातून जातं. आज दख्खनच्या गावोगाव जुन्या दगडी भिंतींवर नवे मजले चढताहेत. कायदा आहे, नकाशा आहे, गवंड्याला विचारायचे प्रश्न मराठवाड्यातल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलेत. आठ हजार माणसांचं देणं फेडायचं असेल तर ते प्रश्न आपल्या प्रत्येक बांधकामावर विचारले गेलेच पाहिजेत.