आवणीतले फोटो

आषाढ. जामसर. पाऊस दिवसभर, आणि भाताची आवणी जोरात. बांधावरून मोबाइल रोखला की चिखलात वाकलेल्या बायका ताठ होतात, पदर सारखा करतात, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या बघतात. शेवटी मोबाइल ठेवला आणि रोपांच्या मुठी पुढे द्यायला लागले. चेष्टामस्करी पुन्हा सुरू झाली. मग कोणाचं लक्ष नसताना थोडे टिपले: हात चिखलाचे म्हणून मनगटाने नाक खाजवणारी मावशी, झोळीतल्या भावाला झोके देता देता स्वतःच पेंगणारी पोर.

असं नकळत टिपण्याचं कौतुक कॅमेरेवाल्यांनी बरंच केलं. आमच्याकडच्या वारली चित्रात मात्र बघणाऱ्याकडे कोणी बघतच नाही. तांदळाच्या पिठाने काढलेली ती त्रिकोणी माणसं कांडतात, पाणी भरतात, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचतात. २०११ साली पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा म्हशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. सगळे आपापल्या कामात!

पण त्या माणसांना बहुधा नाकडोळे नसतात. फोटोत चेहरा येतो, आणि चेहरा ज्याचा त्याचा. म्हणून संध्याकाळी ओटीवर सगळे फोटो दाखवले. मावशी पोट धरून हसली. "हा कोणाला दाखवू नको हां." पुसून टाकला. झोळीचा मात्र पोरीच्या आईने मागितला, तोही कागदावर. जव्हारला गेले की काढून आणायचाय.