ट्रॉलीचा हूक

मोटरसायकलमागे ट्रॉली जोडतोय म्हटल्यावर मळवलीत ज्याने त्याने एकच विचारलं, "ओढंल का?" स्टेशनवर लोकलची वाट बघणाऱ्यांनी विचारलं, टपरीवर विचारलं, घरी आईनेही विचारलं. ओढण्याचा प्रश्नच नव्हता. माझी थंडरबर्ड 350 आहे. वीसच्या आसपास बीएचपी, 28 न्यूटन-मीटर टॉर्क. दोन पोती भात तिला काहीच नाही. मागच्या ट्रॉलीने पुढच्या गाडीला आडवं करू नये, ही खरी काळजी, आणि ती सगळी हुकापाशी येते.

सुरुवात फिरण्याच्या हौसेपायी झाली. पवनानगर, तिकोनापेठ, पौड करत ताम्हिणीतून कोकणात उतरायचं, बायको मागे, तंबू-स्टोव्ह-अंथरूण ट्रॉलीत, असा बेत. युरोप-अमेरिकेत लोक असे हिंडतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 आडवा येतो. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन, त्याची वेगळी नोंदणी लागते. आणि कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला कलम 52 ची मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर अशा प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच, ही नियमात बसत नाही, कधी ना कधी अडवतील, असं म्हटलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. माझ्या ट्रॉलीच्या बदल्यात कोणी काही देण्याची शक्यता नव्हती. मला तो कायदा जाचक वाटत नाही. घाटात उतारावर कोणाची तरी घरी जोडलेली ट्रॉली माझ्यापुढे असावी, अशी माझीही इच्छा नाही.

म्हणून कोकण रद्द झालं आणि शेत पुढे आलं. आमची इंद्रायणीची खाचरं आहेत. ही जात इथलीच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेली. खाचरापासून खळ्यापर्यंतची वाट सगळी घरच्या जमिनीतली, पण टेम्पो जाईल एवढी रुंद नाही. बैल विकल्यापासून पोती डोक्यावरच येत होती. रस्त्याला न लागता ट्रॉली चालवायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती.

आता हूक. कारच्या ट्रेलरला 50 मिलिमीटरचा गोल बॉल असतो, त्यावर वाटी बसली की काम झालं. ट्रॅक्टरला तर एका पिनेवर भागतं. दोन्ही गाड्या वळताना कलत नाहीत, म्हणून हे चालतं. दुचाकी मात्र कलूनच वळते आणि मागची दोन चाकी ट्रॉली कलत नाही. त्यामुळे जोडाला तीन हालचाली मोकळ्या लागतात: डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली होणं, आणि ट्रॉलीच्या दांडीने स्वतःभोवती पिळणं. बॉलवर तिसरी हालचाल थोडीच होते, पुढे वाटीची कड अडते. ती अडली की ट्रॉलीचं एक चाक खड्ड्यात गेल्याबरोबर सगळा पीळ गाडीच्या मागच्या भागात येतो आणि चालवणारा बांधाखाली जातो. एकचाकी ट्रॉली केली असती तर ती गाडीबरोबरच कलली असती, दोन हालचालींत भागलं असतं. पण एका चाकावर भाताची पोती तोलायची कोणी?

पहिल्या दोन हालचाली जुन्या व्हॅनच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून मिळाल्या. भंगारवाल्याकडे तो ढिगात पडला होता. बेअरिंगच्या टोप्या काढून पाहिल्या, सुयांवर ओरखडा नव्हता. तिसरीसाठी लेथवर 25 मिलिमीटरची पिन आणि तिच्यासाठी गनमेटलचा बुश करून घेतला. वर ग्रीस निपल, टोकाला कॅसल नट आणि स्प्लिट पिन. पीळ या बुशात जिरतो.

हे सगळं गाडीला धरायचं कुठे? कॅरिअरला, असं सगळेच सुचवतात, कारण ते समोर दिसतं. पण कॅरिअरवरचा भार मागच्या चाकाच्याही मागे पडतो. पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. जोड एक्सलच्या जितका जवळ तितका चांगला. म्हणून 40 बाय 40 च्या चौकोनी पाइपचा, 3 मिलिमीटर जाडीचा एक नाल केला. तो मागच्या टायरला वळसा घालून दोन्ही बाजूंनी स्विंगआर्मवर येतो आणि प्रत्येक बाजूला दोन यू-क्लॅम्पने पकडतो. स्विंगआर्मला भोक पाडलं नाही की वेल्डिंगचा ठिपका लावला नाही. एकीकडे सायलेन्सर, दुसरीकडे चेन. दोघांपासून बोटभर फट राहील असा नाल वाकवण्यातच निम्मा वेळ गेला. स्विंगआर्मवर असल्याने ट्रॉलीचं वजन शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर न येता थेट चाकावर जातं, गाडी मागे बसत नाही. बोल्ट 12 मिलिमीटरचे, डोक्यावर 8.8 कोरलेले, नट नायलॉकचे. बोल्टचा नुसता आकार बघून घेऊ नये, डोक्यावरचा आकडा वाचावा.

वेल्डिंगवाले मामा खिडक्या-गेट करणारे. त्यांच्याकडे 6013 चे रॉड, मला हवे होते 7018, कारण त्यांचा सांधा धक्का सोसतो. मात्र ते ओल धरतात आणि मावळातल्या पावसात तर बघायलाच नको. मामांनी पत्र्याच्या डब्यात शंभराचा बल्ब पेटवून रॉड त्यात ठेवले. "येवढे लाड तर मी जावयाचे नाय केले," म्हणाले. पण टॅक मारून झाल्यावर, गुण्यात आहे का हे बघितल्याशिवाय त्यांनी पुढचा रॉड हातात घेतला नाही.

ट्रॉलीला जुन्या स्कूटरची चाकं बसवली. एक्सल मधोमध घ्यावा की मागे सरकवावा, यावर तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं मत मी घेतलं नव्हतं, त्यांनी दिलं. बैलगाडी हाकण्यात त्यांचा जन्म गेला.

"उलाळ व्हता कामा नये. जू वर उचाललं की बैलाच्या गळ्याला फास बसतो."

"तात्या, हिथं बैल कुठायत?"

"मंग तुझ्या गळ्याला बसंल."

अभियांत्रिकीची पुस्तकंही हेच म्हणतात: एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग नाकावर हवा. भार मागे गेला की ट्रॉली शेपटासारखी वळवळायला लागते आणि वेग वाढला की ती वळवळ आवरत नाही. एक्सल थोडा मागे घेतला, पोती भरली आणि दांडीचं टोक वजनकाट्यावर टेकवलं. एकशे वीस किलोला पंधरा किलो. तात्यांनी काटा न बघताच टोक हाताने उचलून, "आत्ता बरुबर," म्हणून टाकलं.

मग अंगणात चाचणी. दोघांनी गाडी धरून फूटरेस्ट जमिनीला टेकेपर्यंत वाकवली; मागे ट्रॉली सपाट उभी, बुशात पिन गुमान फिरली. मग गाडी सरळ उभी करून ट्रॉलीच्या एका चाकाखाली विटा रचल्या. हँडलला कळलंही नाही. खाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावल्या, म्हणजे पिन तुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

चालवताना दोन गोष्टी लगेच समजतात. ट्रॉलीला ब्रेक नाही, त्यामुळे उतारावर ती मागून ढकलते. ब्रेक वळणाआधी लावून मोकळा व्हायचं, वळणात नाही. आणि ट्रॉलीची चाकं गाडीपेक्षा आतून वळतात, बांधाचा कोपरा खातात. मागे घ्यायची सोयच नाही. पायाने रेटलं की ती घडी घालते. पिन काढायची, ट्रॉली हाताने फिरवायची आणि पुन्हा जोडायची. गाडी रस्त्याला न्यायची असेल तेव्हा 19 चा पाना घेऊन नालही उतरवतो.

खळ्यावर पोती आलेली बघून पलीकडच्या वाडीतला एक पोरगा मागे लागलाय, शंभर सीसीच्या गाडीला असाच हूक पाहिजे. त्याला सांगितलं, आधी स्विंगआर्मची जाडी आणि टायरच्या मागची जागा मोजून आण, मग तुझ्या गाडीला भार किती झेपेल ते बघू. परवा तो चिठ्ठी घेऊन आला. त्याने माप आणलं होतं कॅरिअरचं.